दोन पत्र्यांमधला ठोका

जिन्यावर उभं राहायलाही जागा नव्हती. खालच्या पायरीवरची माणसं वरच्यांना विचारत होती, "सुरू झालं का?" आणि वरची माणसं ओठांवर बोट ठेवून त्यांना गप्प करत होती. दार सताड उघडं होतं. आत शंभरेक माणसं बसलेली, पण कुणी खोकतसुद्धा नव्हतं. पंखे बंद होते. आत्म्याला वारा सोसत नाही, असं दारावरच्या स्वयंसेवकाने मला बजावलं होतं. त्या उकाड्यात, त्या शांततेत एकच आवाज येत होता. टिक. टिक. टिक.

ती खोली म्हणजे पूर्वीचा छापखाना. यंत्रं केव्हाच गेली होती, पण फरशीवर शाईचे डाग तसेच होते. खोलीच्या मधोमध दोन गोल पितळी पत्रे, मोटारीच्या चाकाएवढे, काचेच्या पायांवर समोरासमोर उभे केलेले. दोघांमध्ये जेमतेम वीतभर अंतर. छतापासून एक लांब दोरा सोडलेला आणि त्याच्या टोकाला बोराएवढी रुपेरी गोळी. कुणी हात लावत नव्हतं, तरी ती गोळी डाव्या पत्र्यावर आपटत होती, तिथून सुटून उजव्यावर जात होती, पुन्हा डावीकडे येत होती. एखाद्याच्या छातीला कान लावावा तसा तो आवाज.

"विज्ञानच सांगतं," पत्र्यांमागच्या आसनावरून स्पंदनस्वामी हळुवारपणे म्हणाले, "ऊर्जा नष्ट होत नाही. मग तुमचं माणूस कसं नष्ट होईल? हा डावा पत्रा म्हणजे इहलोक. उजवा म्हणजे परलोक. मधल्या या वीतभर जागेत लहरींचं मीलन होतं. ऐका. तुमच्या माणसाचं काळीज ऐका."

मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवते. एवढ्या चार वाक्यांत त्या गृहस्थाने माझ्या विषयाचे जेवढे खून पाडले, तेवढे माझ्या नववीच्या वर्गाने वर्षभरात पाडले नसतील. दुसरी कुठली जागा असती तर मी हसले असते. पण पहिल्या रांगेत माझी ताई बसली होती. डोळे मिटून, ठोक्यागणिक मान हलवत. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ओठांवर हसू होतं.

ताईची मोठी मुलगी बिट्टी. आठव्या वर्षी तिला सांधे धरणारा ताप आला आणि त्या तापाने तिच्या हृदयाची झडप खराब केली. तेव्हापासून ताई तिच्या शेजारीच झोपायची, एक हात तिच्या छातीवर ठेवून. बिट्टीचा ठोका सरळ नव्हता. दहा-बारा नीट पडायचे, मग एक अडखळायचा. थोडा थांबायचा, जणू विचार करतोय, आणि मग पुढे निघायचा. "माझी लेक चालतानाही अशीच आहे," ताई म्हणायची. "दुकानांच्या काचा बघत बघत." सोळाव्या वर्षी एका दुपारी, ताईचा हात छातीवर असतानाच, तो अडखळलेला ठोका पुढे निघाला नाही.

त्यानंतर ताई जेवेनाशी झाली. शिलाई मशीनवर अर्धवट शिवलेला झगा पडून होता, त्याला ती हात लावू देत नव्हती. भावजी पाणीपुरवठ्याच्या पंपघरात कामाला. ते जादा पाळ्या घेऊ लागले, कारण घरी येऊन काय बोलायचं हे त्यांना कळत नव्हतं. आणि मी? मी घरातल्या बिट्टीच्या सगळ्या तसबिरी उचलून कपाटात ठेवल्या. ताईला त्रास नको म्हणून. तिच्यासमोर बिट्टीचं नाव काढायचं नाही, असा नियमच करून टाकला मी. वर्षभर त्या घरात त्या मुलीचं नाव कुणी उच्चारलं नाही.

मग शेजारणीने ताईला या छापखान्यात आणलं. स्वामींनी तिला पुढे बोलावलं, मुलीचं नाव विचारलं आणि शंभर माणसांसमोर खणखणीत आवाजात हाक मारली, "बिट्टी! ये बाळ, आई आली आहे." त्यांनी गोळीवर फुंकर घातली आणि गोळी चालू लागली. टिक, टिक, टिक. आणि बाराव्या-तेराव्या ठोक्याला ती पत्र्याला चिकटून क्षणभर अडखळली. मग सुटली.

ताई तिथेच कोसळली, असं शेजारीण म्हणाली.

दोन महिने ती दर गुरुवारी दुपारी जात होती आणि मला ते ठाऊक होतं. सुरुवातीच्याच एका गुरुवारी मी तिच्यासोबत गेले, तेव्हाच मला यंत्र कळलं होतं. स्वामी भक्तांना पत्र्यांच्या कडेशी हात धरायला लावत. हातावरची लव उभी राहायची. "आत्म्याचा स्पर्श," स्वामी म्हणत आणि लोक गहिवरत. मी गर्दीतून सरकत हळूच पत्र्याच्या पाठीमागे हात नेला. तिथे काही नाही. कडेशी लव उभी, पाठीमागे शांत. हे चित्र मी दरवर्षी फळ्यावर काढते. खोलीत धूप जळत होता, पण त्याच्या आड एक उग्र वास होता, मोठी ठिणगी पडल्यावर येतो तसा. स्वामी त्याला दिव्य सुगंध म्हणत.

सगळं समजलं आणि मी गप्प बसले. कारण त्या रात्री ताई पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी तिने केस विंचरले. मी स्वतःला म्हटलं, जाऊ दे. कुणाचं काय बिघडतंय?

काय बिघडत होतं ते मला दवाखान्यातल्या सिस्टरने सांगितलं. शाळेच्या फाटकापाशी तिने मला गाठलं.

"बाई, तुमची धाकटी भाची आजारी आहे का?"

"नाही. का?"

"दर एकवीस दिवसांनी तिचं इंजेक्शन असतं. तीन वेळा आलीच नाही. फोन केला की तुमची ताई कट करते."

धाकटी नऊ वर्षांची. तिलाही गेल्या वर्षी तोच ताप येऊन गेला होता, पण वेळेवर कळलं आणि हृदय वाचलं. ते तसंच वाचवायचं तर एकवीस दिवसांचं इंजेक्शन चुकवायचं नाही, असं डॉक्टरांनी लाल शाईत लिहून दिलं होतं.

मी तशीच ताईच्या घरी गेले. ती मशीनवर बसली होती.

"धाकटीचं इंजेक्शन का बंद केलंस?"

"मी बंद नाही केलं." तिने सुईवरून नजर काढली नाही. "बिट्टीला विचारलं. धाकटीला सुई टोचू का, म्हटलं. तर ठोका थांबला. नाही म्हणाली ती."

"ताई..."

"तिला किती दुखायचं गं ते. दोन-दोन दिवस लंगडायची. बहिणीला तसं दुखू नये असं वाटणारच ना तिला?"

मी आवाज चढवला. विद्युत प्रभार, पत्रे, झडपा, सगळं एका दमात सांगायला लागले. ताईने मशीन थांबवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"तुला तिचा ठोका माहीत आहे?" ती म्हणाली. "मला माहीत आहे. आठ वर्षं या हाताखाली होता. बाकी सगळं खोटं असेल, पण ते अडखळणं तो माणूस कुठून आणेल?"

मी पिशवी उचलून थेट दवाखान्यात, सिस्टरकडे गेले.

पुढच्या गुरुवारी मी सिस्टरला घेऊन छापखान्यात गेले. सिस्टरला जिन्याजवळच्या मीटरपाशी उभं केलं आणि मी आत जाऊन पहिल्या रांगेत ताईशेजारी बसले. स्वामींनी बिट्टीला हाक मारली, गोळी टिकटिकू लागली. मी उठले. पिशवीतून चहाची गाळणी काढली. साधी, खोलगट, स्टीलच्या जाळीची, प्लॅस्टिकच्या दांड्याची.

"बाई, खाली बसा," स्वामी म्हणाले.

"एकच मिनिट. माझ्या भाचीला भेटते." मी प्लॅस्टिकचा दांडा धरून गाळणी खालून वर नेली आणि ती गोळी जाळीच्या वाटीत घेतली. गोळी निमूट झाली. दोरा सरळ लोंबू लागला. मी गाळणी खाली घेतली, गोळीवर स्वामींसारखीच फुंकर घातली. टिक. टिक. टिक. पुन्हा गाळणी वर नेली. पुन्हा शांत.

"स्वामीजी, आत्मा परलोकातून येतो म्हणता. मग चहाच्या गाळणीत कसा अडकला?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं. स्वामी तावातावाने आसनावरून उठून पुढे आले. "अविश्वासाने आत्मा दुखावतो! हिने तुमच्या मुलांना दुखावलंय!" गर्दी माझ्यावर गुरगुरली. एक म्हातारे गृहस्थ काठी उगारून उभे राहिले.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मी गाळणी ठेवते. पत्र्यांपासून चार हात लांब उभी राहते. आता मी एक टाळी वाजवेन आणि आत्मा जाईल. दुसरी वाजवेन आणि फुंकर घातली की परत येईल. मला कसली सिद्धी नाही, मी मास्तरीण आहे."

गोळी टिकटिकत होती. मी टाळी वाजवली. बाहेर सिस्टरने मुख्य बटण खाली ओढलं. पंखे आणि दिवे आधीपासूनच बंद होते, खिडक्यांतून ऊन येत होतं, त्यामुळे वीज गेल्याचं आत कुणाला कळलंच नाही. गोळीने आणखी पाच-सहा ठोके दिले, प्रत्येक आधीच्याहून दमलेला, आणि ती थांबली. दुसऱ्या टाळीला सिस्टरने बटण वर केलं. मी फुंकर घातली. टिक. टिक. टिक.

हे मी तीनदा केलं. तिसऱ्या वेळी ते काठीवाले आजोबाच जिन्यापाशी जाऊन सिस्टरचा हात पाहून आले. परत येऊन त्यांनी आसनावरचा गालिचा काठीने उचलला. खाली पायाने दाबून वीज तोडायचं बटण होतं. तिथून एक वायर मागच्या पडद्यापर्यंत गेली होती. पडद्यामागे जुन्या, पोट सुटलेल्या टीव्हीची आतली सामग्री एका खोक्यात मांडलेली होती.

"म्हणजे आमच्या हिला..." आजोबा एवढंच म्हणाले.

मग मी सगळ्यांना सांगितलं, वर्गात सांगते तसंच. जुन्या टीव्हीत पडदा उजळायला हजारो व्होल्टचा दाब लागतो. तो या दोन पत्र्यांना जोडलाय. एका पत्र्यावर धन प्रभार बसतो, समोरच्यावर ऋण. ते एकमेकांना ओढतात, म्हणून दोघांवरचा प्रभार समोरासमोरच्या आतल्या बाजूंवर येऊन सारखा पसरतो. बाहेरची बाजू जवळपास कोरी राहते. पत्र्यांच्या मधल्या जागेत विजेची ओढ सगळीकडे सारखी असते, फक्त कडांपाशी ती बाहेर फुगते. तिथे हात धरला की लव उभी राहते. रुपेरी रंग दिलेली ही हलकी गोळी डाव्या पत्र्याला टेकली की त्याचाच प्रभार घेते. सारखे प्रभार एकमेकांना ढकलतात, म्हणून ती तिथून उडते आणि उजव्याकडे ओढली जाते. तिथे आपला प्रभार सोडून उजव्याचा घेते आणि परत फिरते. वीज आहे तोवर असं चालत राहतं. बटण बंद केलं की पत्र्यांवर उरलेला प्रभार गोळीच इकडून तिकडे वाहून संपवते, म्हणून शेवटचे ठोके दमत जातात. "आत्मा निरोप घेतोय," असं स्वामी म्हणत ते हेच. आणि धातूच्या जाळीच्या आत ती ओढ पोचत नाही, म्हणून गाळणीत गोळी गप्प झाली.

"मी कुणाला मारलं नाही," स्वामी भिंतीला टेकून म्हणाले. हळुवारपणा गेला होता, साधा माणसाचा आवाज आला. टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं, ते बंद पडलं होतं. "लोक रडत यायचे, बाई. जाताना हसत जायचे. तुम्ही त्यांना काय देणार आहात?"

"त्यांनी तुम्हाला औषधांचं विचारलं," सिस्टर दारातून म्हणाली, "आणि तुम्ही पायाने नाही म्हणालात. नऊ वर्षांच्या पोरीचं इंजेक्शन. तिने मोठं व्हायला नको का?"

पुढे स्वामींविरुद्ध तक्रार झाली, खोलीला कुलूप लागलं. पण मला त्यातलं फारसं आठवत नाही. मला ताई आठवते.

ती जागची हलली नव्हती. गर्दी ओरडत, रडत जिना उतरली आणि खोली रिकामी झाली, तेव्हा ती उठून पत्र्यांपाशी आली.

"वीज बंद आहे ना?"

मी पुन्हा खात्री केली, उरलासुरला प्रभार जावा म्हणून पत्रे एकमेकांना तारेने जोडले. "हो."

"मग आता सांग. अडखळणं कुठून आणलं त्याने?"

मी दोरा तोडून गोळी खिडकीच्या उजेडात धरली. बुचाची गोळी, वर चंदेरी रंग. आणि एका बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढा रंग खरवडला गेलेला. आतलं बूच दिसत होतं.

"ही बाजू पत्र्याला लागली," मी म्हटलं, "की बूच प्रभार घेत नाही. मग गोळी तिथेच चिकटून राहते. थोडी फिरून रंगाची बाजू टेकली की सुटते. त्याला हे माहीतसुद्धा नसेल, ताई. कुठेतरी घासली असेल, एवढंच."

ताईने गोळी तळहातावर घेतली. त्या उघड्या जागेवरून हळूहळू अंगठा फिरवला.

"एवढंसंच?" ती म्हणाली.

मी तिला मिठीत घ्यायला गेले. तिने मला अडवलं नाही, पण तिचे हात खालीच राहिले.

"मी दोन महिने तिच्याशी बोलले," ती माझ्या खांद्यावर म्हणाली. "इथे तिचं नाव तरी मोठ्याने घ्यायचे गं. तुम्ही कुणी घेतलं नाहीत."



दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही धाकटीला दवाखान्यात नेलं. तिचे गुडघे गेले आठ दिवस दुखत होते. ती बोलली नव्हती, कारण आईला आता कुठे बरं वाटायला लागलं होतं. डॉक्टरांनी तिच्या छातीला नळी लावली. एका जागी ऐकलं, मग पुन्हा तिथेच ऐकलं. त्यांचा चेहरा बघून ताई पुढे सरकली.

"ताप उलटलाय," डॉक्टर म्हणाले. "झडपेतून थोडी गळती सुरू झाली आहे. आता एकही इंजेक्शन चुकवलं नाही तर कदाचित इथेच थांबेल."

"आणि मागची तीन चुकली नसती तर?" ताईने विचारलं.

डॉक्टर भले गृहस्थ. त्यांनी पुढच्या इंजेक्शनची तारीख लिहून दिली.

भावजी पंपघरातून कामाच्या कपड्यांतच धावत आले. ताई त्यांना म्हणाली, "मी केलं हे." ते म्हणाले, "मला घरी थांबता आलं असतं." मी म्हणाले, "मला सगळं कळलं होतं आणि मी जाऊ दे म्हटलं." त्या बाकावर आम्ही तिघं शहाणी, धडधाकट माणसं बसलो होतो आणि आत एक नऊ वर्षांची मुलगी सुई टोचून घेताना रडत नव्हती.

धाकटी आता अकरा वर्षांची आहे. गळती वाढली नाही, गेलीही नाही. दर एकवीस दिवसांनी आम्ही जातो. मागच्या खेपेला बाकावर एक तरुण आई होती, मांडीवर तापाने फणफणलेलं मूल. ती ताईला सांगत होती की गावाबाहेर एक जण नुसत्या स्पर्शाने ताप उतरवतो, आज इथून थेट तिकडेच जाणार.

"तुमची ही एकच का?" मग तिने धाकटीकडे बघून विचारलं.

"दोन," ताई म्हणाली. "मोठी बिट्टी. ती गेली. सोळा वर्षांची होती."

हे शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले. त्या बाईने चुकचुक केलं. ताई तिच्याकडे सरकून बसली.

"मी एका माणसाकडे जात होते," ती म्हणाली. "तो माझी मुलगी मला ऐकवायचा. मी जिवंत मुलीचं औषध बंद केलं, मेलेल्या मुलीला विचारून. तू तुझ्या बाळाचं डॉक्टरला विचार. पटलं नाही तर दुसऱ्या डॉक्टरला विचार. तो स्पर्शवाला काय करतो, कसं करतो, ते त्याच्या तोंडावर विचार. विचारू देत नसेल तर उठून ये."

"आणि मनाला नाही राहवलं तर?" ती तरुण आई म्हणाली.

"तर माझ्या घरी ये. मी शिवण शिवते. बस माझ्याजवळ."

आतून सिस्टरने नाव पुकारलं, ती बाई मुलाला घेऊन आत गेली. ताई दाराकडे बघत राहिली.

मला एवढंच सांगायचं आहे. असला खेळ कुठे दिसला तर थांबा आणि विचारा: वारा का चालत नाही? हात का लावू देत नाहीत? पडद्यामागे काय आहे? प्रत्येक चमत्काराला एक वायर असते, ती शोधायला पदवी लागत नाही. पण जिला तिथे जावंसं वाटतं, तिच्या घरीही जा. गेलेल्या माणसाचं नाव तिच्यासमोर घ्या. ती रडेल, रडू द्या. आणि यंत्र कळलं असेल तर त्याच दिवशी सांगा. मी दोन महिने थांबले.